दर सिग्नलला तीन चमचे

मंडळी, आपल्यापैकी कुणी नवी गाडी घेतली की पेढा तोंडात असतानाच समोरून प्रश्न येतो, ‘किती देते?’ रंग, सीट, गाणी ऐकायची सोय हे सगळं त्यानंतर. प्रश्न मुळात गोठ्यातला. गाय किती देते हे विचारल्याशिवाय दावं हातात घ्यायचं नाही, हीच रीत आपण मोटारीला लावली आणि वेम्बलीपर्यंत आणली. मला त्यात काही गैर वाटत नाही. गंमत आहे ती उत्तरात. आमच्या घरातल्या गाडीबद्दल मी ‘चौदा’ सांगतो, मुलगा ‘चाळीस’ सांगतो, आणि आम्ही दोघंही खरं बोलत असतो. मी लिटरमागे किलोमीटर धरतो, तो गॅलनमागे मैल. इथला गॅलन साडेचार लिटरहून जरासा मोठा, त्यामुळे त्याच्या चाळीसाचे माझे चौदा होतात. नातीची गाडी विजेची. ती म्हणते ‘साडेतीन’, म्हणजे एका युनिटला साडेतीन मैल. जेवणाच्या टेबलावर हे तीन आकडे एकदम निघाले की सूनबाई पोळ्या वाढण्याच्या निमित्ताने उठून जाते.

पण मला आज आकड्याच्या मागचं सांगायचं आहे. मी पेट्रोल भरलं की तारीख, लिटर आणि मैल एका वहीत लिहून ठेवतो. ही सवय जुनी आहे, घरात तिची पुरेशी थट्टा झालेली आहे. त्या वहीत गेली काही वर्षं एक गोष्ट स्पष्ट दिसते. गाडी तीच, पेट्रोल त्याच पंपावरचं, रस्तेही बहुतेक तेच. ज्या टाकीवर मुलगा जास्त फिरला तिथे ३७ च्या आसपास, ज्या टाकीवर मी फिरलो तिथे ४४ च्या आसपास. वर्षाला सात हजार मैल धरले तर हा फरक साधारण १३५ लिटरचा होतो. लिटरला १ पौंड ४० पेन्स धरा, जवळजवळ १९० पौंड. एक लिटर पेट्रोल जळलं की सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, तो हिशेब केला तर तीनशे किलोच्या वर. एस.टी.च्या डेपोत दहा लिटरला किती किलोमीटर झाले हा हिशेब ठेवतात, त्याला तिथे केपीटीएल म्हणतात. ड्रायव्हर बदलला की तोही आकडा बदलतो. गाडी देते ते आपल्या उजव्या पायाला विचारून देते.

आता हे पेट्रोल जातं कुठे, ते पाहू. थोडं गणित आहे. आयुष्यभर थर्मोडायनॅमिक्स शिकवलेल्या माणसाकडून तेवढं सहन करा.

चार माणसं बसलेली एक मध्यम गाडी १,४०० किलोची धरू. ती ताशी तीस मैलांनी जात असताना तिच्यात जी गतिज ऊर्जा असते ती सुमारे १२५ किलोज्यूल. एक लिटर पेट्रोलमध्ये साधारण ३२ मेगाज्यूल असतात, पण इंजिन त्यातला पाव भागच चाकांपर्यंत पोचवतं. बाकीचं रेडिएटरमधून आणि सायलेन्सरमधून हवेत जातं. म्हणजे गाडीला शून्यापासून तीस मैलांवर आणायला सुमारे १६ मिलिलिटर पेट्रोल लागतं. चहाचे तीन चमचे. सिग्नल लाल झाला आणि तुम्ही ब्रेक दाबलात की ते तीन चमचे ब्रेकच्या तबकड्या तापवण्यात संपले. हिरवा झाला की पुन्हा तीन चमचे. हा हिशेब फक्त वेग मिळवण्याचा आहे. वाऱ्याचा आणि टायरच्या घर्षणाचा खर्च वेगळा.

यातली महत्त्वाची गोष्ट अशी की ऊर्जा वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढते. वीस मैलांवरून थांबलात तर सात मिलिलिटर जातात, म्हणजे दीड चमचाही नाही. चाळीसवरून थांबलात तर सहा चमच्यांच्या जवळ. हॅरो रोडवर पुढचा सिग्नल लाल दिसत असताना जो आपल्याला मागे टाकून चाळीसने पुढे जातो आणि त्याच सिग्नलला आपल्या शेजारी येऊन थांबतो, त्याच्याकडे मी आता रागाने पाहत नाही. मनातल्या मनात सहा चमचे मोजतो.

तेव्हा पहिली सवय पायाची असली तरी खरी डोळ्यांची आहे. पुढच्या गाडीच्या मागच्या दिव्यांकडे पाहू नका, त्याच्या पुढच्या तिसऱ्या-चौथ्या गाडीकडे पाहा. ईलिंग रोडवर शनिवारी दुपारी भाजीच्या दुकानांसमोर कुणीतरी गाडी बाहेर काढणार, कुणीतरी पिशव्या घेऊन मध्येच रस्ता ओलांडणार, हे आपल्याला तीस वर्षांपासून ठाऊक आहे. मग तिथे दोन झेब्रांच्या मधल्या अंतरात वेग घेण्यात काय अर्थ आहे? पुढचं अंतर मोकळं ठेवा. सिग्नल लांबून लाल दिसला की लगेच ॲक्सिलरेटर सोडा आणि गाडी आपोआप मंदावू द्या. पुष्कळदा तुम्ही पोचेपर्यंत तो हिरवा होतो, आणि दहा मैलांच्या वेगाने चालत असलेली गाडी पुन्हा तीसवर न्यायला थांबलेल्या गाडीपेक्षा कमी पेट्रोल लागतं. मागचा हॉर्न वाजवेल. वाजवू दे.

इथे एक प्रश्न नेहमी विचारला जातो. ॲक्सिलरेटर सोडल्यावर गाडी न्यूट्रलमध्ये टाकावी की नाही? माझ्या वयाच्या लोकांना हे जवळजवळ बाळकडूतून मिळालेलं आहे. माझे काका खंडाळ्याचा घाट उतरताना फियाट न्यूट्रलमध्ये टाकायचे आणि कधीकधी चावीही बंद करायचे. मागच्या सीटवर आम्ही मुलं श्वास रोखून बसायचो. खोपोलीला पोचलं की काका सांगायचे, ‘इतक्या मैलांचं पेट्रोल फुकट.’ कार्ब्युरेटरच्या जमान्यात त्या बोलण्यात तथ्य होतं. ॲक्सिलरेटर सोडला तरी कार्ब्युरेटरमधून पेट्रोल खेचलं जायचंच, आणि गियरमध्ये इंजिन जोरात फिरत असेल तर जास्त खेचलं जायचं.

ती काटकसर मी या देशात घेऊन आलो. १९९० च्या दशकातल्या एका उन्हाळ्यात आम्ही सॉमरसेटमध्ये फिरायला गेलो होतो. ए-३९ वर पॉर्लक हिल नावाचा उतार आहे, काही ठिकाणी चारात एक, म्हणजे चार फूट पुढे गेलं की एक फूट खाली. गाडी जुनी, कार्ब्युरेटरवाली, टपावर सामान, मागे दोन मुलं. मी काकांची आठवण काढून गाडी न्यूट्रलमध्ये टाकली. पहिल्या वळणावर ब्रेक दाबला, दुसऱ्या वळणावर जास्त दाबला, तिसऱ्यावर पेडल खूप खाली गेलं तरी गाडी ऐकेना. करपल्यासारखा वास यायला लागला. हिने काही विचारलं नाही, फक्त डॅशबोर्डला हात टेकले. मी क्लच दाबून गाडी कशीबशी दुसऱ्या गियरमध्ये घुसवली, इंजिन किंचाळलं, हॅन्डब्रेक ओढला आणि खाली गावाच्या तोंडाशी गाडी एका भिंतीलगत उभी राहिली. मुलांना वाटलं बाबांनी मजा केली. ही त्या दिवशी संध्याकाळपर्यंत माझ्याशी बोलली नाही. नंतर मी हिशेब केला. त्या उतारावर मी वाचवलेलं पेट्रोल अर्धा कप चहाएवढंही नसेल.

आजच्या गाडीत तर तेवढंही वाचत नाही. इंजेक्शनची गाडी गियरमध्ये असताना तुम्ही ॲक्सिलरेटर पूर्ण सोडलात की संगणक पेट्रोलची धार सरळ बंद करतो. चाकंच इंजिनाला फिरवत असतात, त्यामुळे खर्च शून्य. न्यूट्रलमध्ये टाकलीत तर इंजिन विझू नये म्हणून त्याला थेंबथेंब पाजावंच लागतं. म्हणजे काकांची युक्ती आज उलटी चालते: न्यूट्रलमध्ये खर्च, गियरमध्ये फुकट. आणि चावी बंद कराल तर ब्रेकची मदत जाईल, पॉवर स्टिअरिंग जाईल, काही गाड्यांत स्टिअरिंगला कुलूप लागेल. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर बोरघाट उतरणाऱ्या ट्रकवाल्यांना न्यूट्रलमध्ये उतरू नका असं अजून बजावावं लागतं. भारतात सुटीला जाऊन भाड्याने गाडी घेतलीत तर ड्रायव्हरच्या हाताकडे लक्ष ठेवा आणि तो न्यूट्रल करताना दिसला तर नम्रपणे, पण सांगाच.

कार्ब्युरेटरच्याच घराण्यातली दुसरी सवय म्हणजे सकाळी गाडी ‘गरम’ करणं. चोक ओढायचा, गाडी चालू करून ठेवायची, तोवर आत जाऊन चहा घ्यायचा. आजच्या इंजिनाला याची गरज नाही. काचेवरचं बर्फ नीट खरवडून काढा, गाडी चालू करा आणि निघा; पहिली दोन-तीन मैल हळू चालवा. उभं असलेलं इंजिन गरम व्हायला खूप वेळ घेतं आणि त्या सगळ्या वेळात शून्य मैल देतं.

उभ्या गाडीतलं चालू इंजिन तासाला साधारण पाऊण लिटर पितं. पैशाच्या दृष्टीने ही रक्कम छोटी आहे हे मी मान्य करतो. दहा मिनिटं थांबलात तर पंधरा-अठरा पेन्स. पण पैशाचा मुद्दा इथे मी बाजूला ठेवतो.

शनिवारी सकाळी मराठीचा वर्ग सुटायच्या वेळी दारासमोर उभ्या असलेल्या गाड्या तुम्ही पाहिल्या आहेत. मी मोजल्या आहेत. हिटर चालू राहावा म्हणून बहुतेकांची इंजिनं चालू असतात, आणि मुलं बाहेर येतात ती नेमकी सायलेन्सरच्या उंचीवर नाक असलेली. २०१३ साली लंडनच्या दुसऱ्या टोकाला, लुइशममध्ये, साउथ सर्क्युलरच्या जवळ राहणारी एला किसी-डेब्रा ही नऊ वर्षांची मुलगी दम्याने गेली. तिच्या आईने अनेक वर्षं हे प्रकरण लावून धरलं आणि डिसेंबर २०२० मध्ये कोरोनरने तिच्या मृत्यूच्या कारणांत हवेचं प्रदूषण नोंदवलं. या देशात असं पहिल्यांदाच झालं. आपण नॉर्थ सर्क्युलरच्या कुशीत राहतो. हँगर लेनपासून नीस्डनपर्यंत आणि पुढेही, आपली दुकानं, देवळं, शाळा त्याच रस्त्याच्या आसपास आहेत. त्या रस्त्यावरच्या लाखो गाड्यांचं आपण काही करू शकत नाही. वर्गाच्या दारातल्या वीस गाड्यांचं करू शकतो.

कायदाही आपल्या विरुद्धच आहे. सार्वजनिक रस्त्यावर उभ्या गाडीचं इंजिन विनाकारण चालू ठेवायचं नाही असं हायवे कोडच्या १२३ व्या नियमात लिहिलेलं आहे. कौन्सिलचा माणूस बंद करा म्हणाला आणि तुम्ही ऐकलं नाहीत तर वीस पौंडांचा दंड होऊ शकतो. मुंबईत रिक्षावाला सिग्नलला इंजिन बंद करतो ते कुठल्या नियमासाठी नाही, स्वतःच्या खिशासाठी. पण त्याच्या मागे उभ्या असलेल्या शाळकरी मुलाचंही त्यात भलं होतं. नव्या गाड्यांत हे आपोआप होतं. पुष्कळांना ती सोय आवडत नाही आणि ते गाडीत बसल्याबरोबर तिचं बटण दाबून टाकतात. त्यात तुम्ही असाल तर आजपासून निदान मुलांच्या वर्गासमोर तरी ते बटण दाबू नका.

मोटरवेबद्दल माझं मत ऐकून तुम्हाला कदाचित नवल वाटेल. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे साठऐवजी सत्तरने गेलात तर तो ३६ टक्क्यांनी वाढतो. इंजिनाचे बाकीचे खर्च तेवढे वाढत नाहीत, त्यामुळे पेट्रोल साधारण दहाएक टक्के जास्त लागतं. डिसेंबर १९७३ मध्ये तेलाची टंचाई आली तेव्हा या देशाने मोटरवेवरसुद्धा पन्नासची मर्यादा घातली होती, रेशनची कुपनंही छापून वाटली होती. आपल्यातल्या काही ज्येष्ठांना ती आठवत असतील. पण तुमच्या-माझ्यापुरता हिशेब करू. एम-१ ने लेस्टरच्या बाजूला नव्वद मैल जायचं आहे. सत्तरने ७७ मिनिटं, साठने ९०. तेरा मिनिटं जास्त आणि बचत एक पौंडाच्या आसपास. लग्नाचा मुहूर्त गाठायचा असेल तर मी सत्तरने जाईन आणि तुम्हीही जा. ऐंशीचं मात्र तसं नाही. सत्तरवरून ऐंशीला गेलात तर पेट्रोल जवळजवळ पाव पटीने वाढतं, वेळ वाचतो दहा मिनिटांहूनही कमी, आणि लायसन्सवर गुण चढले तर विम्याचा हप्ता पुढची काही वर्षं ती दहा मिनिटं वसूल करत राहतो.

टपावरचा कॅरियर उन्हाळ्याची सुटी संपली की काढून ठेवा, तो रिकामा असला तरी वाऱ्याला अडतो. डिकीतल्या वीस किलो तांदळाच्या पोत्याची फार चिंता करू नका, फरक नगण्य आहे. तो उतरवायचा कंटाळा हे खरं कारण असेल तर गोष्ट वेगळी. एसीबद्दल घराघरांत वाद होतात. गावात हळू चालवताना खिडकी उघडा, मोटरवेवर खिडकी बंद करून एसी लावा, कारण त्या वेगाला उघडी खिडकी वारा अडवते. गियरची गाडी असेल तर लवकर वरचा गियर टाका, डॅशबोर्डवर बाण दाखवतो तेव्हा त्याचं ऐका.

नव्या पिढीला यातलं बरंच आधीपासून येतं. २००८ पासून इथल्या ड्रायव्हिंग टेस्टमध्ये परीक्षक इंधन जपून चालवण्याकडेही लक्ष देतो. त्यावर नापास करत नाही, पण शेवटी सांगतो. नात पहिल्यांदा मला घेऊन निघाली तेव्हा ब्रिज रोडवर तिने लांबूनच पाय उचलला, गाडी आपोआप मंदावली आणि सिग्नल हिरवा झाला. मी काही बोलायच्या आत म्हणाली, ‘आजोबा, तुमचे तीन चमचे परत बॅटरीत गेले.’ तिचं बरोबर होतं. विजेच्या आणि हायब्रिड गाडीत मंदावताना मोटार जनित्र होते आणि त्या ऊर्जेचा मोठा भाग परत येतो. सगळा येत नाही, त्यामुळे तिथेही हलका पाय फायद्याचाच. मात्र थंडीत तिच्या साडेतीनचे तीन होतात, कारण गाडी गरम ठेवायला वेगळी वीज लागते. आमच्या पेट्रोल गाडीत ती ऊब वाया जाणाऱ्या उष्णतेतून फुकट मिळते. पेट्रोलच्या बाजूने बोलायला माझ्याकडे एवढा एकच मुद्दा आहे आणि मी तो दर डिसेंबरात वापरतो.

सगळ्यात महाग मैल कोणता, असं विचाराल तर घरापासूनचा पहिला. थंड इंजिन जास्त पेट्रोल मागतं, थंड तेल घट्ट असतं, आणि आपण वेम्बलीकर तर गाडीला गरम व्हायची संधीच देत नाही. सकाळी दूध, अकराला देऊळ, दुपारी कोथिंबीर विसरली म्हणून पुन्हा ईलिंग रोड. वहीतली माझी सगळ्यात वाईट टाकी अशाच एका जानेवारीतली आहे, ३१. तीन फेऱ्यांची एक फेरी केली तर दोन वेळचा थंड प्रारंभ वाचतो. स्टेडियममध्ये कार्यक्रम असेल त्या दिवशी तर गाडी काढूच नका. २०२४ च्या उन्हाळ्यात टेलर स्विफ्टचे आठ कार्यक्रम झाले. त्यातल्या एका संध्याकाळी मी फोर्टी लेनवर अर्ध्या मैलाला पस्तीस मिनिटं घेतली. चालत गेलो असतो तर दहा मिनिटांत पोचलो असतो.

आणि शेवटी टायर, कारण दिवाळी आली आहे. ऑगस्टमध्ये २५ अंशांना तुम्ही ३३ पीएसआय हवा भरली असेल तर नोव्हेंबरच्या पाच अंशांच्या सकाळी तीच हवा आकुंचन पावून ३० वर येते, टायरला भोक नसताना. मऊ टायर जास्त घासतो, जास्त पेट्रोल मागतो, आणि ओल्या रस्त्यावर ब्रेक लागायला हवा तसा लागत नाही. योग्य आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर चिकटवलेला असतो. कित्येकांनी तो गाडी घेतल्यापासून वाचलेला नाही. महिन्यातून एकदा, टायर थंड असताना मोजायचं.

माझ्या डिकीत पायाने मारायचा पंप आणि मोजायचा गेज असतो. मंडळाच्या दिवाळीच्या कार्यक्रमाला मी दोन्ही घेऊन येईन आणि फराळ सुरू व्हायच्या आधी अर्धा तास कार पार्कमध्ये उभा असेन. ज्यांना मोजून हवं असेल त्यांनी यावं. अट एकच, टायर थंड हवेत, म्हणजे दोन मैलांच्या आतून आलेल्यांनाच याचा उपयोग. इतक्या जवळचे लोक गाडी घेऊन का आले, हे त्या दिवशी मी विचारणार नाही.